घास छातीत अडकतो तेव्हा: इओसिनोफिलिक इसोफॅजायटिसचे निदान आणि उपचार

गोव्यात जेवताना घास अडकला की पहिला संशय माशाच्या काट्यावर जातो आणि दुसरा ॲसिडिटीवर. बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक संशय खरा ठरतो. पण ज्या माणसाला दर काही आठवड्यांनी घास छातीत अडकल्याचा अनुभव येतो, ज्याला कोंबडीचा तुकडा किंवा कोरडी पोळी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, किंवा ज्या घरातले मूल तासभर ताटापुढे बसून एकच घास तोंडात घोळवत राहते, तेथे तिसरी शक्यताही तपासायला हवी. तिचे नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. डॉक्टर मंडळी तिला थोडक्यात ‘ईओई’ म्हणतात.

हा अन्ननलिकेचा दीर्घकाळ चालणारा, ॲलर्जीच्या जातीचा दाह आहे. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी निरोगी माणसाच्या जठरात आणि आतड्यात थोड्याफार असतात, अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र त्यांना जागा नसते. ईओईमध्ये एखाद्या अन्नघटकाविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते, इंटरल्युकिन-१३ सारखी संदेशद्रव्ये स्रवतात आणि या पेशी अस्तरात गोळा होतात. दाह वर्षानुवर्षे तसाच राहिला तर अस्तराखाली तंतुमय ऊती साचतात, नळी ताठर आणि अरुंद होते. निदानाला जितका उशीर, तितकी नळी अरुंद झालेली सापडण्याची शक्यता अधिक, हे अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. हा स्वतंत्र आजार आहे हे वैद्यकाच्या लक्षात आले ते ॲटवूड यांनी १९९३ मध्ये आणि स्ट्रॉमन यांनी १९९४ मध्ये प्रौढ रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केल्यानंतर. आणि १९९५ मध्ये अमेरिकेत दहा मुलांना नेहमीचे अन्न बंद करून केवळ अमिनो आम्लांचे दूध दिल्यावर त्यांचा त्रास ओसरला, तेव्हा कारण अन्नात आहे हे उघड झाले. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या अनेक डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकात हा आजार नव्हता, आणि हे लक्षात ठेवले तर ‘इतकी वर्षे कोणी सांगितले कसे नाही’ हा राग थोडा निवळतो.

पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा सुमारे तिप्पट आढळतो. दमा, ॲलर्जीची सर्दी, त्वचेचा इसब किंवा एखाद्या अन्नाची ॲलर्जी यांपैकी काहीतरी रुग्णाला किंवा त्याच्या घरात कोणाला तरी बहुधा असते. वय कोणतेही चालते. तान्ह्या मुलापासून वृद्धांपर्यंत.

पहिली पायरी: लक्षणे विचारण्याची पद्धत

‘गिळायला त्रास होतो का?’ असा प्रश्न विचारला तर ईओईचा जुना रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. त्याने आपले जेवणच त्रासाला जुळवून घेतलेले असते, आणि आपल्याकडच्या जेवणात हे जुळवून घेणे फार सोपे जाते. उकड्या तांदळाचा भात आणि हुमण, पेज, सोलकढी, तोंडाक असे बहुतेक अन्न ओलसर आणि मऊ असल्याने अरुंद झालेल्या नळीतूनही खाली सरकते. त्रास उघडा पडतो तो लग्नाच्या पंगतीत बिर्याणीतल्या मटणाने, कालच्या उंड्याने (गोव्यातल्या गोल पावाने) किंवा प्रवासात घाईघाईने खाल्लेल्या चपातीच्या रोलने. म्हणून प्रश्न सवयींबद्दल विचारावेत. घरातल्या इतरांच्या तुलनेत तुमचे ताट किती उशिरा रिकामे होते? प्रत्येक घासाबरोबर पाणी लागते का? पाव कढीत बुडवल्याशिवाय खाता का? मांसाचे तुकडे बारीक करून घेता का? मोठी गोळी गिळायला टाळता का? चारचौघांत जेवायचे म्हटले की टाळाटाळ होते का? यांपैकी दोनतीन उत्तरे ‘हो’ आली तर त्या माणसाला गिळण्याचा त्रास आहे असेच धरावे.

मुलांचे चित्र वेगळे असते. तान्हे मूल दूध नाकारते, वारंवार ओकते, त्याचे वजन वाढत नाही. दोनतीन वर्षांचे मूल पेज आणि मऊ भातावरून पुढे सरकायलाच तयार नसते. घट्ट किंवा चावावे लागणारे काही दिले की त्याला उबळ येते. शाळकरी मूल पोटाच्या वरच्या भागात दुखते म्हणते, अधूनमधून उलटी करते, डबा अर्धा परत आणते. किशोरवयात चित्र मोठ्यांसारखे होते आणि घास अडकू लागतो. घरात या सगळ्याला ‘नखरे’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि आजीचा तो शब्द अनेकदा बरोबरही असतो. परंतु नखरेल मूल आवडीचा पदार्थ आनंदाने आणि भराभर खाते. आवडीचा पदार्थही ज्याला हळूहळू, पाण्याच्या आधाराने खावा लागतो आणि ज्याच्या वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेघ आडवी होऊ लागली आहे, त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला हवे. जाताना लसीकरणाचे पुस्तक आणि आधीच्या वजनांच्या नोंदी बरोबर न्याव्यात.

छातीत जळजळ हे लक्षण दोन्हीकडे असू शकते, त्यामुळे आम्लपित्त आणि ईओई यांची गल्लत होते. काही रुग्णांत दोन्ही एकत्रही असतात.

घास अडकून बसला तर

ठरवून करायच्या दुर्बीण तपासणीची (एंडोस्कोपीची) वाट पाहायला वेळ नसतो असा हा एक प्रसंग, म्हणून तो आधी सांगणे भाग आहे. प्रथम पाहावे की माणसाला श्वास घेता येतो का, बोलता येते का. येत नसेल तर घास श्वासमार्गात आहे. ती गुदमरण्याची वेळ असून पाठीवर थाप आणि पोटावर दाब देण्याचा प्रथमोपचार ताबडतोब करावा लागतो आणि १०८ ला फोन करावा लागतो. श्वास आणि बोलणे ठीक आहे, पण पाण्याचा घोटही परत येतो आणि लाळसुद्धा थुंकावी लागते, तर अन्ननलिका पूर्ण बंद झाली आहे. अशा रुग्णाची दुर्बीण तपासणी शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा सहा तासांत व्हावी, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. लाळ उतरते आहे, पण घास अडकल्याची जाणीव कायम आहे, अशा स्थितीतही २४ तासांच्या पलीकडे थांबू नये. रात्र असेल तर सकाळची वाट न पाहता बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे.

काटा अडकला की सुक्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायला लावणे हा कोकणपट्टीतला जुना उपाय आहे. अन्ननलिका अरुंद असलेल्या माणसाला तो घातक ठरतो, कारण आधीच्या अडथळ्यावर दुसरा घट्ट गोळा जाऊन बसतो. बोटे घालून ओकारी काढणेही टाळावे. बंद नळीवर जोराचा दाब येऊन ती फाटू शकते. काटा आणि घास यांतला फरक पुष्कळदा रुग्णच सांगू शकतो. काटा बहुधा घशातच, टॉन्सिलजवळ किंवा जिभेच्या मुळाशी रुततो, एका ठिकाणी टोचतो आणि प्रत्येक आवंढ्याला टोचतो. त्याच्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतो. अडकलेला घास टोचत नाही, छातीत दाब देतो. अडथळा खाली असूनही तो गळ्याशी जाणवू शकतो, त्यामुळे बोट ठेवलेल्या जागेवर फार विसंबू नये.

घास काढण्यासाठी दुर्बीण घातली गेली असेल तर त्याच वेळी अस्तराचे नमुनेही (बायोप्सी) घेता येतात, आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर ते घ्यावेत. ही विनंती नातेवाइकांनी आधी करावी. घास निघाला, माणूस मोकळा झाला, सगळे घरी गेले आणि नमुने राहून गेले, की निदान पुढच्या अडकण्यापर्यंत लांबते. तसे झाले असल्यास काही आठवड्यांनी ठरवून पुन्हा तपासणी करून घ्यावी.

दुर्बीण तपासणी आणि तिच्या आधीची तयारी

ईओईचे निदान रक्ताने होत नाही, क्ष-किरणाने होत नाही आणि औषध देऊन ‘बघू बरे वाटते का’ अशा पद्धतीनेही होत नाही. आपल्याकडे ‘इओसिनोफिलिया’ हा शब्द घराघरात माहीत असतो. रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल वाढलेले दिसले की लोक घाबरतात. ते जंतांमुळे, हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींमुळे, दम्यामुळे किंवा एखाद्या औषधामुळेही वाढतात. उलट ईओईच्या कित्येक रुग्णांच्या रक्तात ते अगदी प्रमाणात असतात. तेव्हा रक्तातला आकडा हा दुवा फार तर सूचना म्हणून घ्यावा.

तपासणीच्या आधी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चालू गोळ्यांचा. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल यांसारख्या आम्लरोधक गोळ्या गोव्यातल्या कोणत्याही औषधालयात सहज मिळतात आणि लोक त्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेतात. या गोळ्या ईओईच्या बऱ्याच रुग्णांत अस्तरातल्या इओसिनोफिलची संख्या खाली आणतात. परिणामी दुर्बिणीच्या दिवशी नमुने स्वच्छ येतात आणि आजार असून नसल्यासारखा दिसतो. म्हणून पहिल्या तपासणीपूर्वी या गोळ्या तीनचार आठवडे थांबवता येतील का, हे डॉक्टरांना विचारावे. ज्यांना जठरात रक्तस्राव होऊन गेला आहे किंवा जे हृदयासाठी रक्त पातळ करणारी औषधे घेतात त्यांनी हा निर्णय स्वतः घेऊ नये. दम्याचे पंप, तोंडाने घेतलेली स्टेरॉइडे आणि स्वतःहून सोडलेले अन्नपदार्थ हेही कागदावर लिहून न्यावे.

प्रौढांची तपासणी घशाला बधिर करून किंवा हलकी गुंगी देऊन होते, मुलांना सहसा भूल द्यावी लागते. दुर्बिणीतून डॉक्टर पाच गोष्टी पाहतात: अस्तराची सूज, आडवी कडी, पांढरे ठिपके, उभ्या चरा आणि नळीचे आकुंचन. या पाचही गोष्टींना गुण देण्याची पद्धत २०१३ पासून रूढ झाली असून ती अहवालात असल्यास पुढच्या तपासणीशी तुलना करणे सोपे जाते. परंतु अस्तर डोळ्यांना निर्दोष दिसले म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही, आणि मुलांत तर हे विशेष लागू आहे. दाह अन्ननलिकेत सलग पसरलेला नसतो, त्यामुळे एकदोन नमुने पुरत नाहीत. वरच्या आणि खालच्या अशा किमान दोन पातळ्यांवरून मिळून किमान सहा नमुने, आणि तेही चरा व पांढरे ठिपके दिसतील तेथून, घ्यावेत असा आजचा संकेत आहे. पहिल्या खेपेला जठर आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग येथूनही नमुने घेतले तर इओसिनोफिलचा दाह तेथेही आहे का, किंवा सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) आहे का, हे त्याच वेळी कळते.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. तारीख घेतानाच ‘गिळायला त्रास आहे, अन्ननलिकेचे नमुने हवेत’ हे स्पष्ट सांगावे. गर्दीच्या यादीत ‘ॲसिडिटीसाठी एंडोस्कोपी’ अशी नोंद झाली की तपासणी जठराभोवती होते आणि अन्ननलिका वाटेत ओलांडली जाते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असल्यास कोणती प्रक्रिया त्यात बसते हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

अहवाल हातात आल्यावर

सूक्ष्मदर्शकाच्या एका उच्चशक्ती क्षेत्रात (मोठ्या वर्धनात एका वेळी दिसणाऱ्या भागात) १५ किंवा अधिक इओसिनोफिल, गिळण्यातला दोष दाखवणारी लक्षणे, आणि दुसरे कारण नसणे. या तीन गोष्टी जुळल्या की ईओईचे निदान होते. अहवालात ‘इओसिनोफिल वाढलेले’ एवढेच लिहिले असेल तर नेमका सर्वाधिक आकडा लिहून देण्याची विनंती पॅथॉलॉजी विभागाला करावी, कारण पुढचा सगळा उपचार याच आकड्याशी ताडून पाहायचा असतो. दुसऱ्या कारणांत आम्लाची उलटी वाहणूक, ॲकॅलेशिया (अन्ननलिकेच्या तळाची झडप नीट न उघडणे), क्रोन आजार (आतड्याचा दीर्घ दाह), बुरशीचा किंवा विषाणूचा संसर्ग, औषधाची ॲलर्जी आणि सर्वांगी इओसिनोफिलिया यांचा विचार होतो. गिळण्याचा त्रास फार आहे आणि दुर्बिणीत फारसे दिसत नाही, अशा वेळी बेरियमची तपासणी (बेरियमचे द्रव गिळायला देऊन काढलेले क्ष-किरण चित्र) उपयोगी पडते. सगळी नळी एकसारखी अरुंद असेल तर ती दुर्बिणीपेक्षा बेरियममध्ये चटकन लक्षात येते.

जुन्या नियमांनुसार आधी दोन महिने आम्लरोधक गोळ्या देऊन, त्यांनी फरक न पडल्यासच ईओई म्हणायचे, अशी रीत होती. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीने ही अट काढून टाकण्यात आली. आता त्या गोळ्या निदानाची कसोटी नसून उपचाराचा एक मार्ग आहेत.

उपचार: औषधे

औषध, आहार आणि नळी रुंद करणे असे तीन मार्ग आहेत. पहिल्या दोहोंपैकी कोणत्याने सुरुवात करायची हे रुग्णाच्या घरातल्या परिस्थितीवर ठरते, आणि माझ्या मते ते तसेच ठरायला हवे. सकाळी सहाला बोटीवर जाणाऱ्या माणसाला किंवा वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आहाराचा मार्ग सांगणे म्हणजे अपयशाची तरतूद करणे होय.

आम्लरोधक गोळी हा सर्वांत स्वस्त आणि सोपा मार्ग. प्रौढांना ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा तत्सम मात्रा, जेवणाआधी अर्धा तास, ८ ते १२ आठवडे दिली जाते. मुलांची मात्रा वजनावर ठरते. सुमारे ४० ते ५० टक्के रुग्णांत दाह उतरतो. अर्ध्यांहून अधिकांत तो उतरत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरे औषध म्हणजे अन्ननलिकेला आतून लागणारे स्टेरॉइड. युरोपात २०१८ मध्ये ब्युडेसोनाइडची तोंडात विरघळणारी गोळी प्रौढांसाठी आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये ११ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी त्याचे पातळ औषध मंजूर झाले. आपल्याकडे व्यवहारात नेब्युलायझरसाठी मिळणारे ब्युडेसोनाइडचे द्रव घट्ट करून गिळायला देतात. दहा वर्षांखालील मुलांत साधारणपणे दिवसाला १ मिलिग्रॅम आणि त्याहून मोठ्यांत २ मिलिग्रॅम, दोन मात्रांत विभागून, अशी ही मात्रा असते. ती डॉक्टरांनीच ठरवायची. द्रव मधात किंवा साखरेच्या दाट पाकात ढवळून दोनतीन चमचे घट्ट मिश्रण करावे आणि ते हळूहळू, थोडे थोडे गिळावे, म्हणजे ते नळीच्या भिंतींना चिकटून राहते. पाण्यासारखे पातळ राहिले तर ते सरळ जठरात जाते आणि औषध वाया जाते. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये. औषधानंतर अर्धा ते एक तास काही खाऊपिऊ नये. नंतर चूळ भरून थुंकावी. म्हणूनच रात्रीची मात्रा दात घासून झाल्यावर, अगदी झोपताना घेणे सोयीचे.

फ्लुटिकासोनचा पंप वापरायचा असेल तर दम्याच्या रुग्णाला नवी पद्धत शिकावी लागते, आणि येथे चूक हमखास होते. स्पेसर (पंपाला जोडायची नळकांडी) लावायचा नाही. श्वास आत ओढायचा नाही. पंप तोंडात दाबून, श्वास रोखून, आलेले औषध गिळायचे. डॉक्टरांनी सांगितल्यावरही पहिल्या आठवड्यात परिचारिकेसमोर एकदा करून दाखवावे.

या औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे तोंडात किंवा अन्ननलिकेत होणारी बुरशी. ती औषधाने बरी होते. दम्यासाठी आणि नाकासाठीही स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाची उंची दर काही महिन्यांनी मोजावी आणि सर्व डॉक्टरांना सर्व औषधे माहीत असावीत, कारण अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या, शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी) मंदावण्याची शक्यता एकूण मात्रेवर अवलंबून असते.

डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत मे २०२२ मध्ये १२ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी आणि जानेवारी २०२४ मध्ये एक वर्षावरील, किमान १५ किलो वजनाच्या मुलांसाठी मंजूर झाले. ज्या चाचणीवर पहिली मंजुरी आधारली होती तिच्यात दर आठवड्याला ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे ६० टक्के रुग्णांचा दाह २४ आठवड्यांत उतरला. ते फार महाग आहे. इतर उपाय थकल्यावर, किंवा सोबत तीव्र दमा वा इसब असल्यास, त्याचा विचार होतो.

उपचार: आहार

आजाराचे मूळ अन्नात असल्याने तो अन्नघटक शोधून काढला तर औषधाशिवाय राहता येते, हा या मार्गाचा मोह आहे आणि तो खोटा नाही. मात्र अपराधी अन्न शोधण्यासाठी त्वचेवर टोचून केलेल्या किंवा रक्तातल्या आयजीई (तात्काळ ॲलर्जी घडवणारे प्रतिपिंड) चाचण्या भरवशाच्या नाहीत. ईओईची यंत्रणा त्या चाचण्या मोजतात त्याहून वेगळी आहे. ‘शंभर पदार्थांची असहिष्णुता चाचणी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आयजीजी (दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांच्या) चाचण्यांवर पैसे घालवू नयेत.

सहा अन्नगट बंद करण्याची पद्धत प्रसिद्ध आहे: दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे व सुका मेवा, आणि मासे व कवचवर्गीय जलचर. तिने सुमारे ७० टक्के रुग्णांचा दाह उतरल्याचे जुने संकलित आकडे आहेत. गोव्याच्या घरात ही यादी वाचून दाखवली की बांगडा, सुंगटे (कोळंबी), काजू आणि पाव एकाच दिवशी गेल्याचे ऐकून रुग्ण उठून जातो. सुदैवाने तसे करण्याची गरज बहुधा नसते. सर्वाधिक वेळा दोषी ठरतात ते दूध आणि गहू, त्यांच्यामागून अंडी. मासे आणि सुका मेवा यांचा क्रम बराच खाली लागतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत प्रौढांना फक्त दूध बंद केले तेव्हा सहा आठवड्यांत ३४ टक्के आणि सहाही गट बंद केले तेव्हा ४० टक्के रुग्णांचा दाह उतरला. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. म्हणून आधी केवळ दूध, किंवा दूध आणि गहू, बंद करून सुरुवात करावी, जमले नाही तर यादी वाढवावी, असा चढत्या क्रमाचा मार्ग मासे खाणाऱ्या घरांसाठी मला निःसंशय योग्य वाटतो.

गहू बंद करण्यापूर्वी सीलिॲक आजाराची रक्तचाचणी करून घ्यावी. गहू सुटल्यानंतर ती चाचणी विश्वासार्ह राहत नाही.

दूध बंद म्हणजे चहातले दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, आइस्क्रीम, चॉकलेट आणि दुधाची पूड घातलेली बिस्किटे, सगळेच बंद. तुपात दुधाची प्रथिने थोडी असतात, तरी शोधाच्या काळात तेही वगळावे. याचा अर्थ बेबिंक हे तुपातले थरांचे गोडही वगळावे लागते. रसात वापरतो ते नारळाचे दूध चालते, पण ते गाईच्या दुधाची जागा घेत नाही, कारण त्यात प्रथिने आणि कॅल्शियम नगण्य असतात. वाढत्या मुलाला नाचणीची तिझन (पातळ लापशी), तीळ, पालेभाज्या आणि गरजेनुसार कॅल्शियमचे औषध द्यावे लागते. काट्यासह खाता येण्याजोगे लहान मासे चांगले खरे, पण ज्याचा घास अडकतो त्याला काटे देऊ नयेत.

गहू बंद केल्यावर पाव, पोई, उंडे आणि चपाती जातात हे सर्वांना कळते. न कळणारा गहू हिंगात असतो, कारण बाजारातल्या बहुतेक हिंगाच्या पुडीत मैदा मिसळलेला असतो. तसाच तो रव्यात घोळवून तळलेल्या मासळीत, सोया सॉसमध्ये आणि तयार मसाल्यांच्या काही पाकिटांत असतो. मासळी तांदळाच्या पिठात घोळवून तळावी. तांदळाची भाकरी, शेवयो, सान्नां, खतखते आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या यांत दूध किंवा गहू नसतो, तेव्हा चवथीच्या दिवसांत नेवऱ्या (करंज्या) नाही मिळाल्या तरी मूल अगदीच कोरडे राहत नाही. सोयासोबत सर्व कडधान्ये बंद करण्याची पद्धत काही युरोपीय केंद्रांत आहे. आपल्याकडे तूरडाळ थांबवायची का, हे आहारतज्ज्ञांशी बोलून ठरवावे.

श्रावणात मासे बंद असताना बरे वाटले, म्हणजे माशांचीच ॲलर्जी, असा निष्कर्ष काढणारे भेटतात. त्याच महिन्यात घरातले इतरही अन्न बदललेले असते, मांसाचे तुकडे ताटात नसतात आणि मऊ, पातळ अन्न अधिक असते. मांस नसल्यामुळे घास अडकला नाही, एवढेच त्यातून कळते; अस्तरातला दाह कमी झाला की नाही ते कळत नाही. लक्षणे आणि दाह यांची जोडी या आजारात बऱ्याचदा फुटते, म्हणूनच बंद केल्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून नमुने घ्यावे लागतात. दाह उतरला असेल तर बंद केलेले अन्न एकेक करून परत आणायचे, प्रत्येकानंतर तितकेच आठवडे थांबायचे आणि पुन्हा नमुने. एका वेळी दोन पदार्थ परत आणले तर दोषी कोणता हे कधीच कळत नाही. ज्या मुलाला त्या पदार्थाने पूर्वी अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे किंवा धाप लागणे असे झाले होते, त्याला तो घरी परत देऊ नये; दीर्घकाळ बंद ठेवलेल्या अन्नाची तीव्र ॲलर्जी उफाळू शकते, म्हणून आधी ॲलर्जीतज्ज्ञांकडे जावे.

केवळ अमिनो आम्लांच्या दुधावर ठेवण्याचा उपाय ९० टक्क्यांच्या आसपास रुग्णांत लागू पडतो, पण चव आणि खर्च यांमुळे तो तान्ह्या बाळांपुरता आणि फार अवघड रुग्णांपुरता उरतो.

नळी रुंद करणे

नळी आधीच अरुंद झाली असेल तर दुर्बिणीतून फुगा किंवा निमुळती नळी घालून ती हळूहळू रुंद करतात, उद्दिष्ट साधारण १५ ते १८ मिलिमीटर व्यासाचे. हे एका बैठकीत साधायचा हट्ट धरू नये. नळी फाटण्याचा धोका एक टक्क्याहूनही कमी आहे, मात्र एकदोन दिवस छातीत दुखणे नेहमीचे आहे. ताप, वाढत जाणारी वेदना किंवा मानेच्या त्वचेखाली हवेची करकर जाणवली तर लगेच परतावे. रुंद केल्यावर गिळणे सुधारते, दाह मात्र जसाच्या तसा राहतो, म्हणून औषध किंवा आहार चालूच ठेवावा लागतो.

पुढची वर्षे

औषध सुरू केल्यापासून ८ ते १२, आणि आहाराच्या मार्गात ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा नमुने घेऊन आकडा १५ च्या खाली आला का ते पाहायचे. आला नसेल तर उपाय बदलायचा. आला असेल तर तो उपाय चालू ठेवायचा, कारण औषध किंवा पथ्य सोडले की बहुतेकांत दाह परततो. डोस हळूहळू कमी करता येतो, पण तोही तपासणीच्या आधाराने. बरे वाटते म्हणून औषध सोडून देणारा रुग्ण पुन्हा भेटतो तो अपघात विभागात.

रुग्णाजवळ एक पातळ फाइल असावी. तिच्यात प्रत्येक दुर्बीण तपासणीची तारीख, त्या वेळी चालू असलेली औषधे आणि पथ्य, पाच खुणांचे गुण, आणि वरच्या व खालच्या पातळीवरचे सर्वाधिक इओसिनोफिलचे आकडे क्रमाने लिहिलेले असावेत. नमुन्यांच्या काचपट्ट्या रुग्णालयाकडून मागून घेता येतात; दुसऱ्या गावी उपचार सुरू करायचे झाल्यास त्या नव्याने वाचून घेता येतात. बारावीनंतर पुण्याला किंवा बेळगावला शिकायला जाणाऱ्या मुलाला बालरोगतज्ज्ञांकडून प्रौढांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे सोपवताना ही फाइल, औषध कालवण्याची कृती आणि घास अडकल्यास किती तास थांबायचे याचे उत्तर, या तिन्ही गोष्टी त्याच्या स्वतःच्या हाती असाव्यात, कारण मेसच्या जेवणात कोरडी चपाती रोजच असणार.